कोकणात हाताने धुणे आणि पावसात वाळवणे

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आले आणि त्यानंतर रायगड जिल्ह्यात व रत्नागिरीच्या दापोली-मंडणगड भागात कित्येक गावांना आठवडेच्या आठवडे विजेवाचून काढावे लागले. आमच्या घरी कपडे धुण्याचे यंत्र बंद, विहिरीवरचा पंप बंद आणि पावसाळा तोंडावर, अशी स्थिती होती. आईने मागील दारी वर्षानुवर्षे नुसता पडून असलेला धुण्याचा दगड काथ्याने घासून घेतला, रहाटाला नवा दोर लावला आणि घरातल्या सहा माणसांचे धुणे पुन्हा हातांवर घेतले. मी तिच्या हाताखाली ते काम शिकलो. वीज आल्यावरही आठवड्यातले बरेचसे धुणे मी हातानेच करत आलो आहे, कारण पावसाळ्याच्या चार महिन्यांत आमच्याकडे वीज केव्हा जाईल आणि केव्हा येईल याचा भरवसा नसतो, आणि ज्याला ही रीत येते त्याचे अडत नाही.

हाताने धुण्याला जोर फार लागतो, असे ज्यांनी कधी धुतलेले नाही त्यांना वाटते. मळ सुटतो भिजण्याने, निघतो भरपूर पाण्याने, आणि कोकणात खरी परीक्षा होते ती वाळवताना. म्हणून पुढे घासण्याबद्दल थोडे आणि पाणी व वाळवण यांबद्दल अधिक लिहिले आहे.

पाणी

जांभ्या दगडातल्या विहिरींचे पाणी पावसाळ्यात आणि थंडीत बहुधा हलके असते. त्यात साबणाला चटकन फेस येतो. परंतु खाडीकाठच्या आणि समुद्रालगतच्या वाड्यांमधल्या अनेक विहिरींचे पाणी चैत्र-वैशाखात मचूळ होते, कारण उपसा वाढून गोड्या पाण्याची पातळी उतरली की खारे पाणी आत सरकते. अशा पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार साबणाशी मिळून न विरघळणारा चिकट साका तयार करतात. तोच साका धाग्यात अडकून राहतो आणि पांढरा सदरा चार-सहा धुण्यांत करडा दिसू लागतो. आपले पाणी कसे आहे हे पाहायचे असेल तर काचेच्या बाटलीत अर्धी बाटली पाणी घेऊन त्यात साबणाचा थोडा कीस टाकावा व बाटली जोराने हलवावी. फेस वर टिकून राहिला आणि खालचे पाणी स्वच्छ दिसले तर पाणी हलके आहे. फेस बसून पाण्यावर पांढरट साय धरली तर ते जड आहे. जड पाण्यात साबणाच्या वडीऐवजी डिटर्जंट पावडर वापरावी, किंवा बालदीभर पाण्यात एक चमचा धुण्याचा सोडा आधी विरघळवून दहा मिनिटे थांबावे, म्हणजे सोडा त्या क्षारांना बाजूला करतो आणि मग घातलेला साबण फुकट जात नाही. खोबरेल तेलापासून केलेल्या साबणाला खारट पाण्यातही फेस येतो. उन्हाळ्याच्या अखेरीस तो उपयोगी पडतो.

मचूळ पाण्याचा दुसरा तोटा पुष्कळांच्या लक्षात येत नाही. त्या पाण्यातून काढलेला कपडा वाळल्यावरही हाताला दमट लागतो, कारण धाग्यात राहिलेले खार हवेतला ओलावा ओढून घेतात. समुद्रावर काम करणाऱ्यांचे कपडे संध्याकाळ झाली की पुन्हा ओलसर होतात, त्याचे कारण हेच. यावर एकच उपाय आहे. भिजवणे आणि धुणे मचूळ पाण्यात केले तरी चालेल, परंतु शेवटचे पाणी गोडेच असले पाहिजे. पिण्याच्या पाण्याची टंचाई असेल तेव्हा निदान अंगाला लागणारे कपडे, लहान मुलांची दुपटी आणि पांघरुणे यांच्यापुरते तरी बालदीभर गोडे पाणी राखून ठेवावे.

पावसाळ्यात हा प्रश्न आपोआप सुटतो, कारण पागोळ्यांखाली पिंप ठेवले की मिळणारे पाणी धुण्याला सर्वांत उत्तम असते. त्यात क्षार जवळजवळ नसतात आणि साबण निम्म्याने लागतो. पहिले दोन-तीन जोरदार पाऊस तेवढे वाहून जाऊ द्यावेत, कारण कौलांवरचा पालापाचोळा, पाखरांची घाण आणि वर्षभराची धूळ त्या पाण्यात उतरते. पिंपाच्या तोंडाला जुने पातळ फडके बांधावे. पाणी गाळले जाते आणि डासही अंडी घालत नाहीत.

चार माणसांच्या रोजच्या धुण्याला मला १५ लिटरच्या पाच ते सहा बालद्या पाणी लागते. रहाटाने ओढलेल्या पाण्याची प्रत्येक बालदी म्हणजे १५ किलो वजन, हे लक्षात घेतले की पाणी कसे फिरवून वापरावे याचा विचार माणूस आपोआप करू लागतो. शेवटच्या खळबळण्याचे पाणी फारसे मळलेले नसते. त्यातच दुसऱ्या दिवसाचे जाडेभरडे कपडे, पायपुसणी आणि पोतेरी भिजत घालावीत.

जागा आणि सामान

धुण्याचा दगड काळ्या पाषाणाचा आणि गुळगुळीत असावा. कोकणात हाताशी जांभा असतो म्हणून त्याचाच चिरा मांडण्याचा मोह होतो, पण जांभ्याची छिद्रे धागा धरतात, कपड्याला बारीक भोके पडतात आणि चिरा नवा असेल तर तांबूस रंगही उतरतो. दगड कमरेइतक्या ओट्यावर बसवला तर उभ्याने धुता येते. वाकून किंवा उकिडवे बसून तासभर धुणाऱ्या बायकांच्या पाठीचे काय होते हे प्रत्येक घराने पाहिलेले आहे, आणि तरीही ओटा बांधण्याचे काम वर्षानुवर्षे पुढे ढकलले जाते. चार चिरे आणि अर्धे पोते सिमेंट एवढ्यात तो होतो. तो जरूर बांधावा.

ही जागा विहिरीपासून दूर आणि उताराच्या बाजूला असावी. जांभा सच्छिद्र असल्यामुळे विहिरीच्या काठाशी सांडलेले साबणाचे पाणी झिरपून पुन्हा विहिरीतच जाते. वाहून जाणारे पाणी केळीच्या किंवा माडाच्या आळ्याकडे वळवता येते. मात्र सोडा किंवा ब्लीचिंग पावडर घातलेले पाणी झाडांना देऊ नये. व्हाळावर, म्हणजे ओढ्यावर, धुणे नेण्याची पद्धत अजून बऱ्याच गावांत आहे. तेथे साबण लावण्याचे काम काठावरच्या दगडावर, बालदीतल्या पाण्याने करावे आणि वाहत्या पाण्यात केवळ शेवटचे खळबळणे करावे, कारण खालच्या अंगाला त्याच पाण्यावर गुरे येतात आणि मासेही त्यातच जगतात.

सामान थोडे लागते. तीन बालद्या, एक रुंद तोंडाचे घमेले, कॉलर व पँटच्या पायांच्या कडा घासायला काथ्याचा किंवा मऊ दातांचा ब्रश, आणि जाड कपड्यांसाठी लाकडी धोपटणे. सुती चादरी, गोधड्या, कामाचे कपडे एवढ्यांसाठीच धोपटणे वापरावे. बटणे असलेले किंवा शिवणीत नाजूक असलेले कपडे त्याने बडवू नयेत. बटणे फुटतात, आणि फुटलेले बटण शेजारच्या कपड्याला फाडते.

भिजवणे आणि धुणे

कपडे आधी निवडावेत. पांढरे, फिके, गडद आणि अतिशय मळलेले असे चार ढीग पुरेत. नवा गडद कपडा असेल तर त्याचे टोक ओले करून पांढऱ्या फडक्यावर दाबून पाहावे. रंग उतरला तर तो कपडा पहिली तीन-चार धुणी वेगळाच ठेवावा. खिसे उलटे करावेत, बाह्या सोडवाव्यात, आणि चिखल लागलेला असेल तर तो साबणाआधी साध्या पाण्याने काढावा. लाल मातीच्या चिखलावर सरळ साबण लावला की मातीचे बारीक कण फेसात कालवले जाऊन सगळ्या कपड्यांत पसरतात आणि बालदीतले सगळेच धुणे तांबूस होते.

पावडर पाण्यात पूर्ण विरघळल्यावरच कपडे घालावेत. अर्धा तास ते एक तास एवढे भिजणे बहुतेक कपड्यांना पुरते. कॉलर, बाह्यांची टोके आणि काखेच्या जागा यांवर भिजवण्याआधीच साबण चोळून ठेवावा. रात्रभर भिजत घालण्याची सवय देशावर चालते, आमच्याकडे ती अंगलट येते. दमट, उष्ण हवेत साबणाच्या पाण्यात राहिलेले कपडे सकाळपर्यंत आंबतात, आणि तो आंबट वास एकदा धरला की दोन धुण्यांतही जात नाही. रात्री भिजवायचेच असतील तर साध्या गोड्या पाण्यात भिजवावेत आणि साबण सकाळी लावावा.

भिजलेला कपडा दगडावर घेऊन आधी दोन्ही तळहातांनी चुबकावा, म्हणजे साबणाचे पाणी धाग्यातून आतबाहेर होते. मळ सुटण्याचे बहुतेक काम या दाबण्या-सोडण्यानेच होते, आणि मोठे धुणे असेल तर घमेल्यात कपडे घालून पायांनी तुडवले तरी तेच साधते. त्यात हातांना विश्रांती मिळते आणि मुलांनाही ते काम आवडते. त्यानंतर जेथे मळ दिसतो तेवढ्याच जागी ब्रश फिरवावा. संपूर्ण सदरा ब्रशने घासणारा माणूस सहा महिन्यांत सदरा विरवतो. आपटायचेच असेल तर कपड्याची सैल घडी करून, कडा आत घेऊन आपटावा.

मग प्रत्येक कपडा हलका पिळून साबणाचे पाणी काढून टाकावे आणि त्यानंतरच स्वच्छ पाण्यात घालावा. हे मधले पिळणे वगळले तर खळबळण्याला दुप्पट पाणी लागते. तीन बालद्या ओळीने मांडून पहिलीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत असे कपडे न्यावेत. पहिलीचे पाणी गढूळ झाले की ते टाकून दुसरी पहिलीच्या जागी आणावी. तिसऱ्या पाण्यात हात घातल्यावर बोटांना बुळबुळीत लागू नये. साबण राहिलेला कपडा कडक होतो, उन्हात पिवळा पडतो आणि पावसाळ्यात त्याला लवकर कुबट वास येतो.

डाग

येथील डाग येथील झाडांचे आहेत, आणि शहरातल्या साबणाच्या पाकिटावर त्यांच्याबद्दल काही लिहिलेले नसते. काजूच्या बोंडूचा आणि केळीच्या चिकाचा डाग सर्वांत हट्टी. दोन्हींतली कषाय, म्हणजे तुरट, द्रव्ये हवेशी लागून काळी पडतात आणि धाग्याला रंगासारखी धरतात. असा डाग पडल्याबरोबर कपडा भरपूर थंड पाण्यात धुवावा, त्यावर लिंबू चोळावे, पुन्हा धुवावे, आणि मगच डिटर्जंटमध्ये भिजवावा. साबणाची वडी त्यावर थेट घासू नये, कारण साबणाने हा डाग उलट पक्का होतो. एकदा वाळून काळा झालेला डाग निघत नाही, हे स्पष्ट सांगितलेले बरे. म्हणूनच काजू गोळा करण्याच्या आणि केळी तोडण्याच्या दिवसांत कामाचा जोड वेगळा ठेवतात. शहाळ्याच्या सोडणाचे (वरच्या सालीचे) पाणी उडाले तरी हेच करावे.

फणसाचा चीक पाण्याने मुळीच जात नाही. त्यावर खोबरेल तेल चोळून पाच मिनिटे ठेवावे, चीक सैल झाला की बोटाने काढावा आणि राहिलेले तेल साबणाने धुवावे. हळदीच्या डागावर साबण लावताच तो लाल होतो. त्याने घाबरू नये. क्षाराच्या संगतीने हळदीचा रंग तसा पालटतोच, आणि धुऊन कडक उन्हात घातल्यावर तो हळूहळू उडून जातो, कारण हळदीला प्रकाश सोसत नाही. रक्त, मग ते जखमेचे असो की मासळीचे, नेहमी थंड पाण्याने काढावे. गरम पाण्याने ते गोठून धाग्यात बसते. मासळीचा वास राहिला असेल तर शेवटच्या पाण्यात अर्ध्या लिंबाचा रस किंवा दोन चमचे व्हिनेगर घालावे. तो वास ज्या द्रव्यांचा असतो ती क्षारधर्मी असतात आणि आंबट पदार्थाने निष्प्रभ होतात. आमसुलाचे पाणी आंबट असले तरी ते या कामाला वापरू नये. त्याचाच लाल रंग बसतो.

लोखंडाच्या गंजाचे डाग आमच्याकडे फार, कारण खाऱ्या हवेत खिळा, तार, बिजागरी सगळेच गंजते. लिंबाचा रस आणि मीठ लावून उन्हात ठेवावे, वाळले की पुन्हा रस पिळावा, आणि दोन-तीन वेळा असे करून धुवावे. ज्यांच्या परसात बिंबलाचे झाड आहे त्यांनी त्याचे फळ चिरून डागावर चोळावे. त्यात ऑक्झॅलिक आम्ल असल्याने ते लिंबापेक्षाही चांगले काम करते. गंजावर ब्लीचिंग पावडर कधीही घालू नये, डाग कायमचा होतो.

पांढरे, रेशमी आणि तेलकट

सुती पांढऱ्या कपड्यांना महिन्यातून एकदा भट्टी द्यावी. न्हाणीच्या चुलीवर पाणी तापवून त्यात बालदीला दोन चमचे धुण्याचा सोडा आणि थोडा साबण घालावा आणि आधी धुतलेले कपडे त्यात अर्धा तास उकळावेत. भांडे स्टीलचे घ्यावे. जर्मनच्या (ॲल्युमिनियमच्या) पातेल्यात सोडा उकळला तर पातेले खाऊन जाते आणि कपड्यांवर करडा रंग चढतो. कपडे हलवायला लाकडी दांडा घ्यावा. नीळ द्यायची असेल तर ती फडक्यात बांधून पाण्यात ढवळावी आणि कपडे उघडून बुडवावेत, म्हणजे ठिपके पडत नाहीत. भाताच्या पेजेची खळ हिवाळ्या-उन्हाळ्यात जरूर द्यावी. पावसाळ्यात मात्र देऊ नये, कारण त्या खळीवर बुरशी पोसते.

रेशमी साडी, सोवळे आणि लोकरीचे कपडे यांना रिठा. रात्री आठ-दहा रिठ्यांची टरफले भिजत घालून सकाळी ते पाणी उकळावे, गाळावे आणि कोमट झाल्यावर बालदीभर पाण्यात मिसळावे. कपडा त्यात नुसता दाबावा, चोळू नये, पिळू नये. रिठ्याचे पाणी डोळ्यांत गेले तर फार झोंबते, म्हणून मुलांना दूर ठेवावे. अगदी शुभ्र रेशमावर त्याची किंचित पिवळसर झाक येते, त्यासाठी आधी कोपऱ्यावर पाहून घ्यावे.

स्वयंपाकघरातली तेलकट फडकी राखेच्या पाण्याने फार छान निघतात. नारळाच्या सोडणांच्या राखेत पोटॅशचा अंश भरपूर असतो. ती राख पाण्यात कालवून रात्रभर ठेवावी आणि सकाळी वरची निवळ घ्यावी. बोटांना ती साबणासारखी बुळबुळीत लागते. दाट निवळ कातडीला पोळते, म्हणून पाणी घालून पातळ करावी.

गोधड्या

वर्षभराच्या गोधड्या, चादरी आणि पांघरुणे मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात धुऊन टाकावीत. पुढे गणपतीला चाकरमानी येतात तेव्हा घरातली सगळी अंथरुणे एकदम लागतात आणि त्या वेळी पावसात गोधडी वाळवणे कोणालाच साधत नाही. भिजलेली दुहेरी गोधडी एकट्याने उचलू नये. घमेल्यात तुडवून, दगडावर धोपटून झाल्यावर तिची दोन टोके दोघांनी धरून उलट्या दिशांना पीळ द्यावा. एकटा माणूस असेल तर ती खांबाभोवती घालून दोन्ही टोके एकत्र पिळावीत. मग ती कातळावर पसरावी. मे महिन्यातला सड्यावरचा, म्हणजे उघड्या खडकाळ माळावरचा, कातळ इतका तापलेला असतो की वरून ऊन आणि खालून दगड अशी ती दोन्हीकडून वाळते, आणि दुपारी एकदा उलटली तर संध्याकाळी घडी घालता येते. कातळ आधी झाडून घ्यावा व खाली जुनी चादर अंथरावी, म्हणजे तांबडी धूळ लागत नाही. करवंदीच्या जाळीवर पसरण्याचा आळस करू नये; काटे धागे ओढतात.

पुराच्या पाण्यात भिजलेले कपडे

२२ जुलै २०२१ रोजी चिपळूणला वाशिष्ठीचे पाणी घराघरांत शिरले तेव्हा बहिणीच्या घरातले कपाटभर कपडे चिखलात गेले होते. ते धुताना जे कळले ते थोडक्यात लिहितो. चिखल वाळू न देता कपडे त्याच दिवशी साध्या पाण्यातून काढावेत, पाणी स्वच्छ दिसेपर्यंत. साबण त्यानंतर. सुती कपडे सोडा घालून उकळावेत. उकळता न येणारे पांढरे सुती कपडे ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात दहा मिनिटे ठेवावेत. पावडर आधी वेगळ्या भांड्यात कालवून वरचे निवळलेले पाणीच घ्यावे, नाहीतर कणांनी भोके पडतात. या पाण्यात लिंबू, व्हिनेगर किंवा कोणतेही आम्ल मिसळू नये, विषारी वायू सुटतो. रेशीम व लोकर यांना ब्लीचिंग लावू नये. पुराच्या पाण्यात आणि साचलेल्या चिखलात उंदरांच्या मुतामुळे लेप्टोस्पायरोसिसचे जंतू असतात, कोकणात हा आजार पावसाळ्यात नेहमी आढळतो, आणि ते जंतू पायाच्या साध्या चिरेतूनही शरीरात शिरतात. त्यामुळे हे काम गमबूट आणि रबरी हातमोजे घालूनच करावे, आणि पुढच्या काही दिवसांत ताप आला तर डॉक्टरांना पुराच्या पाण्यात काम केल्याचे आवर्जून सांगावे.

वाळवणे

आषाढात हवाच पाण्याने भरलेली असते, त्यामुळे कपड्यातले पाणी हवेत जायला जागा नसते. म्हणून वाळवण्याची सुरुवात दोरीवर होत नाही, पिळण्यात होते. पिळलेला कपडा उघडून झटकावा, मग कोरड्या जाड पंचावर पसरून पंचासकट गुंडाळी करावी आणि तिच्यावर गुडघ्याने भार द्यावा. पंचा ओला होतो, कपडा अर्धा वाळतो. पंचा वाळवणे सोपे, जीन्स वाळवणे अवघड, हा हिशेब ध्यानात ठेवावा. जीन्स, जाड टॉवेल आणि चादरी यांना श्रावणापर्यंत शक्य तेवढे टाळावे आणि रोज थोडे धुवावे. तीन दिवसांचे साठवलेले धुणे पडवीत मावत नाही, आणि दाटीने घातलेले कपडे वाळण्याऐवजी कुजतात.

दोरी पडवीत, वारा आरपार जाईल अशा दिशेने बांधावी. पावसाळ्यातला वारा समुद्राकडून येतो, त्यामुळे पश्चिमेच्या पडवीत झड आत येते आणि पूर्वेची पडवी बरी पडते. दोन कपड्यांमध्ये वीतभर अंतर असावे. सदरे उलटे करून, खालची कड दोरीला लावून टांगावेत, कारण कॉलर व काख यांतले जाड थर खाली मोकळे राहतात. पँट कमरेने टांगून पाय वेगळे राहतील असे चिमटे लावावेत. दुपारी एकदा सगळे कपडे उलटे-सुलटे करावेत आणि दोरीवर टेकलेली जागा बदलावी, कारण ठिपके बहुतेक तेथेच आधी पडतात.

दोरी सुंभाची किंवा नायलॉनची असावी. नवा सुंभ तपकिरी रंग सोडतो, म्हणून तो दोन दिवस पाण्यात ठेवून, ते पाणी फेकून, मगच बांधावा. लोखंडी तार मुळीच बांधू नये. ती गंजून कपड्यांवर डाग पाडते हे तर आहेच, पण त्याहून गंभीर गोष्ट अशी की घराच्या वायरिंगमधला प्रवाह कोठेतरी त्या तारेत उतरला तर ओला कपडा घालणाऱ्याच्या हातात मृत्यू येतो. वादळानंतर वीज पुन्हा सुरू होते तेव्हा हा धोका अधिक असतो.

दोन दिवस झाले तरी ओलावा जात नसेल तर कपडे स्वयंपाकघरातल्या वलणीवर, चुलीपासून निदान चार हात दूर न्यावेत. तान्ह्या मुलाची दुपटी वाळवायला कोंबड्या झाकायचे बांबूचे डालगे उपयोगी पडते; शेगडीत निखारे घालून त्यांवर राख पसरावी, वर डालगे उलटे ठेवावे आणि त्यावर दुपटी घालावीत. हे उघड्या पडवीत आणि माणूस शेजारी बसलेला असतानाच करावे. दारे-खिडक्या लावलेल्या खोलीत निखाऱ्यांतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वासावाचून जीव घेतो, आणि नायलॉन-पॉलिस्टरचा कपडा ठिणगीने वितळून पेटतो, म्हणून डालग्यावर केवळ सुती कापडच घालावे.

शेवटचा ओलावा काढायला कोळशाच्या इस्त्रीसारखे साधन नाही. करवंट्यांचे निखारे बराच वेळ टिकतात आणि धूर कमी करतात. इस्त्री आधी ओल्या फडक्यावर फिरवून राख पुसावी, मग शिवणी, खिसे आणि कॉलर एवढ्यांवर दाबून फिरवावी. बाकीचा कपडा एव्हाना वाळलेलाच असतो. इस्त्री झाल्यावर कपडे लगेच घडी करून पेटीत ठेवू नयेत, अर्धा तास उघडे राहू द्यावेत, कारण गरम कपड्यातली वाफ घडीत कोंडते. त्यानंतर शिवणीवर आणि नाडीच्या नेफ्यावर गाल टेकवून पाहावा. हाताच्या बोटांना जो ओलावा कळत नाही तो गालाला गारव्याने कळतो. गार लागले तर कपडा पुन्हा वलणीवर.